गोळीबार केसरीचा पंच

दौंड तालुक्यातल्या राहू गावच्या सोपानरावांना अख्खा पट्टा एकाच कामासाठी ओळखत होता, आणि ते काम म्हणजे खुर्चीत बसून बोट दाखवणं. यात कसलं आलंय कौतुक, असं ज्याला वाटेल त्याने आधी यात्रेतला कुस्त्यांचा आखाडा बघून यावं. गावोगावचे शंभर-दीडशे पैलवान लंगोट लावून उभे असतात. कोण कुठल्या तालमीचा, कुणाची तयारी किती, काही पत्ता नसतो आणि वजनकाटा तर नसतोच. एक जाणता माणूस त्या घोळक्यावरून नजर फिरवतो, एकाकडे बोट करतो, मग दुसऱ्याकडे करतो आणि म्हणतो, लावा जोड. जोड चुकली की कुस्ती चार सेकंदांत आटपते आणि लोक पंचाच्या नावानं शिमगा करतात. जमली की दहा दहा मिनिटं माती उडते आणि टोप्याही उडतात. सोपानरावांनी पस्तीस वर्षं टोप्या उडवल्या.

एरवी त्यांचं कुणी फारसं ऐकत नसे. दीड एकर झेंडू आणि थोडा कांदा होता, पण तो कारभार बायकोचा, भागुबाईंचा. शेतात सोपानरावांनी बोट दाखवलं तर बाया नेमक्या दुसऱ्या सरीला लागायच्या. घरात चहा किती गोड करायचा हेही त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मात्र वर्षातून आठ-दहा यात्रांना त्या लाल खुर्चीत बसलं की हजारो माणसं त्यांच्या एका बोटाकडे डोळे लावून बसत. माणसाला जगायला तेवढं पुरतं.

मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तो किती उतरलाय हे कळलं शिरूर तालुक्यातल्या एका यात्रेत. सोपानरावांनी एका धिप्पाड माणसाकडे बोट केलं. तो पैलवान नव्हता, मंडपवाला होता, आणि खांब नीट रोवलाय का ते बघायला आत आला होता. पण आबांचं (सोपानरावांना सगळे आबाच म्हणत) बोट आपल्याकडे वळलंय म्हटल्यावर नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. त्याने शर्ट काढून भावाकडे दिला आणि नावाजलेल्या पैलवानापुढे सात मिनिटं टिकला. लोकांनी आबांना डोक्यावर घेतलं. मंडपवाल्यात लपलेला पैलवान दुसऱ्या कुणाला दिसला असता, असं जो तो म्हणू लागला. मंडपवाल्यालाही ते पटलं. त्याने धंदा भावाच्या गळ्यात घातला आणि चाळिशीत तालीम धरली.

घरी आल्यावर भागुबाईंनी एवढंच विचारलं, "किती दिसतं?"

सोपानराव म्हणाले, "माणसं दिसत्यात. कोण ते न्हाई दिसत."

ऑपरेशन अर्ध्या तासाचं आहे असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, पण सोपानराव अडून बसले. त्यांचं म्हणणं असं की, डॉक्टर आतलं भिंग काढणार आणि प्लास्टिकचं बसवणार. मग पुढच्या यात्रेत जोड कोण लावणार? प्लास्टिक. आणि लोकांना कळलं तर ते म्हणतील की आबांची सगळी जादू त्या जुन्या भिंगात होती, ते दवाखान्यात पडलं. डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला. भागुबाईंनीही वाद घातला नाही, पण त्यांनी वेगळी तजवीज केली.

त्याचं असं की गावच्या यात्रेच्या आदल्या दिवशी बाहेरगावचे पैलवान सोपानरावांच्या ओट्यावर जेवायला असत. तीस वर्षं भागुबाईंनी त्यांना वाढलं होतं. कोण मांडी घालताना कण्हतो, कोण पाठ न वाकवता घास घेतो, पानावरून उठताना कोण हात टेकतो, हे सगळं त्या बघत आल्या होत्या. हात टेकणाऱ्याचा गुडघा गेलेला असतो, हे त्यांना पंचांच्या आधी कळे. विजेत्यांच्या गळ्यातले झेंडूचे हार तर त्यांच्याच रानातले. तेव्हा पुढच्या यात्रेपासून भागुबाई फुलांची पाटी घेऊन सोपानरावांच्या खुर्चीमागे बसू लागल्या. आखाड्यात बाया येत नसत, पण काम करणाऱ्या बाईला कोण उठवणार? हार ओवायची सुई वीतभर लांब होती. उजव्या खांद्याला टोचलं की बोट उजवीकडे सरकवायचं, डाव्या खांद्याला टोचलं की डावीकडे, आणि मणक्यात टोचलं की थांबायचं, हाच तो.

मणक्यात टोचलं की सोपानराव खुर्चीतून वीतभर उडत आणि मोठ्यानं म्हणत, लावा जोड. लोक म्हणू लागले की आता आबांच्या अंगात येतं. तीन वर्षं एकही जोड फसली नाही. उलट पूर्वीपेक्षा चांगल्या जोडी लागू लागल्या, आणि ही गोष्ट सोपानरावांच्या मनाला फार लागून राहिली होती.

दौंडचं प्रकरण उपटलं ते याच सुमाराला. राहूच्याच गोकुळने दौंडला स्टेशनजवळ टायरच्या दुकानावर गेमिंगचा हॉल काढला होता. तिथे त्याने बंदुकांच्या खेळाची स्पर्धा भरवली आणि तिला 'दौंड तालुका गोळीबार केसरी' असं नाव दिलं. एका पुढाऱ्याने बक्षीस म्हणून चांदीची गदा दिली. तो कशालाही गदाच देत असे, रांगोळी स्पर्धेलाही त्याने गदाच दिली होती. शेवटच्या लढतीत एका बाजूला कुरकुंभच्या केमिकल कंपनीत शिफ्ट करणारा सुमित, रेल्वे कॉलनीतला, माऊस आणि कीबोर्डवर खेळणारा. दुसऱ्या बाजूला राहूची राजनंदिनी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, कंट्रोलरवर, म्हणजे दोन्ही हातांत धरायच्या बटणांच्या यंत्रावर खेळणारी. राजनंदिनी जिंकली. सुमितने हरकत घेतली, आणि गदा गोकुळच्या काउंटरखाली अडकून पडली.

पंधरा दिवसांत दौंडमध्ये दोन पक्ष पडले, माऊसवाले आणि कंट्रोलरवाले. ज्यांनी जन्मात यातलं काही हातात धरलं नव्हतं तेही कुठल्या ना कुठल्या बाजूला होते. पुण्याच्या गाडीत दोन सख्खे भाऊ वेगवेगळ्या डब्यांत बसू लागले. एका ठरत आलेल्या सोयरिकीत मुलीच्या मामाने मुलगा कशावर खेळतो ते विचारलं आणि बोलणी आठवडाभर पुढे गेली. मग गोकुळला वाटलं की ज्याच्या शब्दापुढे कुणी जात नाही असा पंच हवा, आणि तो राहूला आला.

त्याने ओट्यावर बसून आबांना सगळं समजावून सांगितलं. माऊसवाला अख्ख्या हाताने नेम धरतो, तेव्हा त्याला बारीक हालचाल जमते. कंट्रोलरवाल्याला अंगठ्याने एक छोटी दांडी फिरवून नेम धरावा लागतो, ते अवघड असतं. म्हणून खेळच त्याला थोडी मदत करतो. नेम पडद्यावरच्या माणसाच्या जवळ आला की खेळ तो हळूच माणसाकडे ओढतो आणि तिथे चिकटवून धरतो. याला एम असिस्ट म्हणतात. सुमितचं म्हणणं ही लबाडी आहे.

"म्हंजी नेम धरणाऱ्याला मागनं कोणतरी सांगतं, हिकडं वळ म्हणून?" सोपानरावांनी विचारलं.

"तसंच समजा, आबा."

सोपानरावांच्या पाठीला मुंग्या आल्या. त्यांनी कांदा काढायला आलाय, कंबर धरलीय, अशा दोन-तीन सबबी काढून पाहिल्या. गोकुळ हसत म्हणाला, "तुम्ही न्हाई म्हणला तर लोक म्हणतील आबांना दिसंना झालं." तो गमतीने म्हणाला होता. पण यात्रा कमिटीची माणसं येणार होती, शिरूरकडचेही येणार होते, आणि उद्या खरोखरच कुणी तसं म्हणालं तर खुर्ची जाणार होती. खुर्ची गेली की सोपानराव म्हणजे झेंडूच्या रानातला एक ज्यादा माणूस. ते भ्याले आणि हो म्हणाले. अट एकच घातली. हार जागेवर ओवले जातील, आणि ते त्यांच्या खुर्चीमागेच.

रविवारी दुपारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दारात शिरताना सोपानरावांना एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस अंधुक दिसला. सगळे ढकलाढकली करत होते, हा मात्र जागचा हलत नव्हता. त्यांनी त्याला राम राम केला. त्याने उत्तर दिलं नाही. गडी मानी दिसतो, असं मनाशी म्हणून ते पुढे गेले. एसीच्या वाऱ्यात लाल खुर्ची मांडली होती, हलगीवाला आला होता, आणि गोकुळने लोकांना हॉलभर आणि मोबाइलवरही ऐकू यावं म्हणून आबांच्या सदऱ्याला छोटा माइक लावला. भागुबाई मागे पाटी घेऊन बसल्या. त्यांनी एकदा त्या मोठ्या पडद्याकडे बघितलं आणि सुईत दोरा ओवला.

सोपानरावांना एकच पद्धत ठाऊक होती, ती त्यांनी लावली. दोघांना पुढे बोलावून त्यांचे हात चाचपले. सुमितचं मनगट लाकडासारखं टणक होतं. राजनंदिनीच्या दोन्ही अंगठ्यांना घट्टे पडले होते. मग त्यांनी माऊसला आणि कंट्रोलरला चिमूटभर लाल माती लावायला सांगितली. ती माऊसच्या खालच्या दिव्यात गेली आणि वीस मिनिटं पुसण्यात गेली. मग दोघांना शड्डू ठोकायला लावलं. सुमितने संकोचत मांडीवर थाप मारली. राजनंदिनीने अशी मारली की हलगीवाल्याने दाद दिली.

पहिली लढत मदतीसकट झाली. पडद्याचे दोन भाग होते आणि दोन्हींत माणसं पळत होती. सोपानरावांना त्यातून फक्त तांबडं-हिरवं कालवण दिसलं. अडचण अशी की भागुबाईंनाही काही उमगत नव्हतं. तिथे कुणी मांडी घालत नव्हतं, कुणी पानावरून उठत नव्हतं, आणि मेलेला माणूस दोन सेकंदांनी पुन्हा पळत होता. तेव्हा पडद्यावर माणूस मेला की त्या मणक्यात टोचू लागल्या. सोपानराव दर दहा सेकंदांनी उडू लागले. प्रत्येक उडीला एक पक्ष ओरडायचा, पुढच्या उडीला दुसरा. कमिटीतला एक जण म्हणाला की एवढं आबांच्या अंगात कधीच आलं नव्हतं. लढत राजनंदिनीने जिंकली.

दुसरी लढत गोकुळने मदत बंद करून लावली. राजनंदिनीचा अंगठा तोच होता, पण बंदूक माणसाच्या अलीकडे थांबायची नाही तर पलीकडे जायची. तिने ओठ दाताखाली धरला आणि ती खेळत राहिली. सुमितने तिला वीस वेळा मारलं, तिने त्याला तीनदा.

मग सुमित बोलायला उभा राहिला. वाईट मुलगा नव्हता तो. रात्रपाळी करून दोन वर्षं त्याने मनगट तयार केलं होतं, कंपनीतली केमिकलं लागून फुगलेल्या बोटांना पट्टी बांधून सराव केला होता. तो आवाज न चढवता म्हणाला, "आबा, माझ्याकडनं जे झालं ते माझ्या हातानं झालं. हिचं अर्धं दुसऱ्यानं केलं आन् नाव हिचं झालं. ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा."

राजनंदिनी म्हणाली की घरी टेबल नाही, माऊस ठेवायचा कुठं? ती गोठ्यात पेंडीच्या पोत्यावर बसून शिकली. तेवढं बोलून ती बसली.

सगळे आबांकडे बघू लागले. सोपानरावांच्या कानात सुमितचं वाक्य फिरत होतं. तो त्या मुलीबद्दल बोलला होता, पण त्यातलं अक्षर अन् अक्षर त्यांच्याच पाठीत शिरलं होतं. तेवढ्यात उजव्या खांद्याला हलकेच टोचलं. उजवीकडे राजनंदिनी बसली होती. म्हणजे भागुबाईंचा निकाल लागला होता, आणि आता बोट तेवढं सरकवायचं होतं. पस्तीस वर्षांत सोपानरावांना आपल्या बोटाची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

ते मान न वळवता पुटपुटले, "भागू, सुई खाली ठेव."

माइकमुळे ते सगळ्या हॉलने ऐकलं आणि खाली टायरच्या दुकानातही ऐकू गेलं. अर्थ कुणालाच कळला नाही. सोपानराव उठून उभे राहिले. मदत काढल्यावर आपलं किती उरतं, हे त्यांना एकदाच बघायचं होतं. ते म्हणाले की निकालाआधी ते एक जोड लावणार आहेत. सुमितला तोडीचा गडी देणार आहेत. त्यांनी हॉलवरून सावकाश नजर फिरवली, पूर्वीसारखी, आणि बोट दाराशी नेऊन थांबवलं.

"तो दारातला. मघापास्नं बघतोय, जागचा हललेला न्हाई. असला गडी लाखात एक असतो. आणा त्याला म्होरं."

दाराशी खेळाच्या जाहिरातीचा पुठ्ठ्याचा शिपाई उभा होता.

कुणी हसलं नाही, कारण आबांच्या बोटाला हसायची रीत नव्हती. दोन कार्यकर्त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि शिपायाला उचलून मध्ये आणला. हलगी वाजली. सुमितला काय करावं सुचेना. शेवटी त्याने वाकून शिपायाशी सलामी घेतली. सोपानराव पुढे झाले आणि नेहमीसारखा पैलवानाचा दंड चाचपायला त्यांनी हात घातला. हात कडेवरून घसरला.

"पुठ्ठा हाय व्हय?"

"व्हय, आबा," गोकुळ म्हणाला.

सोपानरावांनी त्या पुठ्ठ्यावर हात तसाच ठेवला. मग त्यांनी गोकुळला विचारलं की पोरीची ही मदत नियमात लिहिलेली होती का? गोकुळ म्हणाला, लिहिलेली होती, चालू असली की सगळ्यांना दिसते. त्यांनी सुमितला विचारलं की तुला ठाऊक होती का? सुमित म्हणाला, होती.

"मग ठाऊक असून तू खेळलास. गदा पोरीची हाय," सोपानराव म्हणाले. "तिची मदत लिहिलेली हाय. माझी कुठंच लिहिली न्हवती. तीन वर्षं मला दिसत न्हाई. जोडी ही लावती, मागनं सुई टोचून. मी नुसता उडतो."

कमिटीच्या माणसांनी माना खाली घातल्या. मागच्या रांगेतून शिरूरचा मंडपवाला उभा राहिला. आता त्याचे कान पैलवानासारखे सुजलेले होते. त्याने अडखळत विचारलं, "आबा, माझी जोड कुणी लावली हुती?"

"तुझी मीच लावली. चुकून."

मंडपवाला खाली बसला. शेजारच्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

गदा राजनंदिनीला मिळाली. भागुबाईंनी ओवलेला हार तिच्या गळ्यात पडला, आणि उरलेला दुसरा तिनेच सुमितला घातला. सोपानराव आणि भागुबाई संध्याकाळच्या एसटीने राहूला परतले. चारेक दिवसांनी सुमित त्यांना दवाखान्यात न्यायला स्वतःची मोटारसायकल घेऊन आला. त्याची बहीण करुणा डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती. आता लपवायचं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे सोपानराव मुकाट मागे बसले. डॉक्टर म्हणाले होते तसं अर्ध्या तासात झालं.

पट्टी निघाली तेव्हा त्यांना झेंडूच्या पाकळीची कडसुद्धा दिसू लागली. आपल्या बायकोचे केस एवढे पांढरे कधी झाले, हे त्यांना त्या दिवशी कळलं. आठ दिवसांनी गावची यात्रा कमिटी पंचाच्या मानाचा नारळ घेऊन आली. दरवर्षी हा नारळ सोपानरावांच्या हातात पडायचा, म्हणून सवयीने त्यांनी हात पुढे केले. नव्या नजरेला अगदी स्वच्छ दिसलं की नारळ त्यांच्या हातांवरून पुढे गेला आणि भागुबाईंच्या ओटीत पडला. सोपानरावांनी पुढे केलेले हात तसेच जोडले. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटलं.

यात्रेत लाल खुर्चीवर भागुबाई बसल्या. पदर खोचून, पाय वर घेऊन बसल्या. मागे पाटी घेऊन सोपानराव हार ओवत होते, आणि बोटांना दोनदा सुई लागून रक्तही आलं होतं. आखाडा खचाखच भरला होता. भागुबाईंनी बोट उचललं आणि एका उंच पोरासमोर एक बुटका पैलवान नेमला. सोपानरावांनी नव्या डोळ्यांनी दोघांना पायापासून मानेपर्यंत न्याहाळलं. जोड चुकली होती. बुटका चार सेकंदांत पडणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. त्यांनी सुई उचलली आणि तिचं टोक भागुबाईंच्या डाव्या खांद्यापाशी नेलं.

भागुबाई मागे न बघता म्हणाल्या, "टोचू नका. मला दिसतंय."

सोपानरावांनी सुई मागे घेतली आणि पुढचं फूल ओवलं. कुस्ती चौदा मिनिटं चालली.